ढावलोला रिटेक नसतो

अँकरने टॉवेल मागवला. माझ्या खांद्यावर टाकला, उचलला, पिळल्यासारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “विदर्भात पाणी नाही, पाणी नाही म्हणून ओरडतात. अहो, इथे तर अख्खं धरण फुटलंय!”

स्टुडिओ हसला. बाकांवर रोजाने आणून बसवलेली माणसं हसली. खुर्च्यांवरचे तिन्ही परीक्षक हसले. त्यातला काळा चष्मा लावलेला संगीतकार म्हणाला, “मला फक्त एवढंच सांगा, गाणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं?”

परत हशा.

माझी धाकटी बहीण जमना तेव्हा माझ्या गळ्यात होती. दोन्ही हात माझ्या मानेभोवती, तोंड माझ्या खांद्यात. तिचं म्हणणं संपलेलं नव्हतं. मधेच तोडलं होतं.

अँकर माझ्या कानाशी आला. माईक मात्र चालूच. “दादा, घरी वहिनींना काय सांगणार? शर्ट कुणी भिजवला?”

आणि मी हसलो.

कोणी बंदूक धरली नव्हती. मी एसटीत कंडक्टर आहे, लोकांचं वाकडंतिकडं ऐकून दात काढायची सवय लागलेली आहे, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. खोटं आहे ते. मोठ्या लोकांनी आपल्यावर विनोद केला की आपण त्यांच्यातलेच आहोत हे दाखवायला माणूस हसतो. तसा हसलो. सगळे दात दाखवून.

जमनाची छाती माझ्या छातीला टेकलेली होती. त्या गोंगाटात माझं हसणं तिला ऐकू आलं नसेल. पण अंगाला कळलं. तिने हात काढून घेतले. डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. लाल दिव्याखाली नुसती उभी राहिली, बाजारात ढोर उभं करतात तशी.

हे सगळं टीव्हीवर दाखवलं. आमच्या वाशिम जिल्ह्यात घरोघरी पाहिलं लोकांनी. जे दाखवलं नाही ते सांगतो. माणूस मी कमी बोलणारा. तिकीट द्यायचं, सुट्टे मागायचे, घंटी मारायची, बस्स. पण हे पोटात ठेवून आता जमत नाही.

आम्ही गोर. तुम्ही बंजारा म्हणता. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या अलीकडे आमचा तांडा. आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. तुमच्याकडेही मुली रडतात. पण आमच्यात ते रडणं शिकावं लागतं. लग्न ठरलं की तांड्यातल्या जाणत्या बाया संध्याकाळी नवरीला घेऊन बसतात. आईच्या गळ्यात पडून काय म्हणायचं, बापाच्या, भावाच्या, शेजारणीच्या. चाल ठरलेली, बोल ज्याचे त्याचे. ज्याच्या गळ्यात पडली त्याचंच सगळं म्हणायचं. त्याने काय दिलं, काय नाकारलं, कधी मारलं, कधी जवळ घेतलं. गोड बोलायचं बंधन नाही. त्या एका दिवशी मुलगी काहीही म्हणू शकते आणि ऐकणाऱ्याने मान सोडवून घ्यायची नसते. सगळ्यांचे गळे झाले की ती बैलावर उभी राहते, हात वर करते आणि तांड्याचा निरोप घेते. त्याला हवेली म्हणतात.

म्हणजे ढावलोला दोन गोष्टी लागतात. जाणारी पाहिजे आणि गळा पाहिजे. नुसतं उभं राहून तो म्हणता येत नाही. म्हटलं तर लोक दचकतात. कोणी मेलं का विचारतात.

आमच्या भागात हा ढावलो शिकवणारी म्हणजे जमना. तिचं सासर जवळच्याच तांड्यात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि मानोऱ्याच्या बाजारात स्वतः बसून विकते. पण लग्नसराईत तिला चारही बाजूंनी बोलावणं. नवरीची आई स्वतः येऊन म्हणायची, “जमनाबाई, पोरीले तोंड द्या वं.” पोरीला तोंड द्या. असा तिचा मान होता.

तो मान मी टीव्हीला नेऊन दिला.

एका लग्नात मी तिचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. एका चॅनेलवर गाण्याच्या स्पर्धेची जाहिरात आली. लोककलेचा वेगळा विभाग, अकोल्याला निवड. मी व्हिडिओ पाठवून दिला. तिला विचारलं नाही. तिकडून फोन आला तेव्हा सांगायला गेलो. ती वांग्याला पाणी देत होती. आम्ही घरात गोरबोली बोलतो. इथे मराठीत लिहितो आहे. भिया म्हणजे भाऊ, तेवढं तसंच ठेवलं.

“कायचं गानं म्हनू?” ती म्हणाली. “लेंगी म्हन्तो. होळीची. लोकाईले आवडते.”

“लेंगी नको म्हन्तेत ते. ते रडायचं पाह्यजे म्हन्तेत.”

“ढावलो?” तिने पाण्याचा पाईप खाली ठेवला. “कोन जाऊन राह्यलं, भिया?”

“कोनी नाई जात. गानं समजून म्हन.”

“गानं नाई ते.”

“जमना, साऱ्या महाराष्ट्रानं तुले ऐकावं, असं वाटते मले.”

“मले नाई वाटत,” ती म्हणाली. पाईप उचलून दुसऱ्या वाफ्याकडे गेली.

मला वाटलं, झालं, संपलं. मग आठवडाभराने तिचाच फोन. इकडचं तिकडचं काही नाही. थेट विचारलं, “म्या आली तं तू तठी उभा राह्यशीन? गळा देशीन?”

“देईन ना.”

“शेवटपावतर?”

“हो वं.”

“पळशीन तं नाई?”

“कायले पळीन बाप्पा? स्टेजवरून कुठी पळता येते?”

“म्हनूनच इचारलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, बाई घाबरली आहे, सोबत मागते आहे. मी हरखलो होतो. डेपोत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मुंबईला पोचल्यावर करारावर दोघांच्या वतीने मीच सही केली, न वाचता. मग त्यांच्या एका तरुण मॅडमच्या ताब्यात आम्हाला दिलं. सगळे तिला क्रिएटिव्ह म्हणत. चांगल्या घरातली, गोड बोलणारी. हातात कायम थंड कॉफी. तिने जमनाला समोर बसवलं.

“ताई, तुमची स्टोरी काय?”

“कायची स्टोरी?”

“म्हणजे दुःख. काहीतरी असेलच ना?”

“दुःख हाय,” जमना म्हणाली. “तुमाले कायले सांगू?”

मॅडम माझ्याकडे वळली. तिला घाई होती. आणि मी, जमनाच्या देखत, सांगून टाकलं की ही ऊसतोडीला जात होती, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, गाणी म्हणायची. जमना जन्मात ऊस तोडायला गेलेली नाही. पण बंजारा म्हटल्यावर समोरच्याला काय ऐकायचं असतं ते मला माहीत होतं. मॅडमने माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या ढ मुलाचं एक उत्तर बरोबर आल्यावर बाई पाहतात तसं. मला ते बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मग कपडे. जमना नऊवारीही नेसत नाही, पाचवारी नेसते. आमच्या याडीचा, म्हणजे आईचा, खरा फेटिया आणि कांचळी, आमचा घागरा आणि चोळी, तिने पिशवीत आणली होती, आरशांची, हाताने टाचलेली. ती त्यांना मळकट दिसली. त्यांनी राजस्थानी घागरा भाड्याने आणला होता. मला लाल पागोटं. माझ्या घराण्यात पागोटं कोणी घातलेलं मी पाहिलेलं नाही. आरशात पाहिलं तर मी उंटावर बसवायच्या लायकीचा दिसत होतो.

आणि मग ते दिवे, तो स्टेज. जमनाने माझ्या गळ्यात हात टाकले.

तिने काय म्हटलं ते सांगतो. त्या अख्ख्या स्टुडिओत ते कळणारा एकटा मी होतो.

ती म्हणाली, भिया, तू कुठे होतास. याडीचा गळा झाला. बापूचा झाला. काकाचा झाला. मी तुझा गळा शोधत होते. बाया म्हणाल्या, आता चढ, बैल थांबत नाही. मी बैलावर चढले. हात वर केले. आणि वरून मला दिसलास तू. कडब्याच्या गंजीमागे. हातात बूट धरून बसला होतास.



जमनाच्या लग्नाच्या वेळी मी वाशिमला कॉलेजात होतो. वर्गातले दोघे मित्र लग्नाला घेऊन आलो होतो. चांगल्या शेतीवाल्या घरचे. बाया नवरीला घेऊन बसल्या, आवाज निघाला, तसा एक जण म्हणाला, “अबे, तुह्या घरचं कोनी मेलं का बे?” दुसरा लोळून हसला. मी म्हणालो, “अडाणी बाया हायेत लेका, सोड.” मग माझा गळा मागायची वेळ आली. हे दोघे बघत उभे. मी बूट काढले, हातात घेतले, आवाज होऊ नये म्हणून, आणि गंजीमागे जाऊन बसलो. गाडी निघून गेल्यावर बाहेर आलो. पोट दुखत होतं म्हणून सांगितलं. याडीने ओवा दिला.

मला वाटलं होतं, कोणाला माहीत नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंचवीस वर्षं भाऊबीजेला मला ओवाळलं तिने, एक शब्द बोलली नाही. बोलायची जागाच नव्हती. ढावलो एकदाच होतो आणि तेव्हा मी गळा दिला नव्हता. म्हणून आली होती ती मुंबईला. महाराष्ट्रासाठी नाही. मी पळून जाऊ शकणार नाही अशी एक जागा तिला सापडली होती, म्हणून.

आणि ती जिथे म्हणाली, ‘बूट धरून बसला होतास’, तिथे टॉवेल आला. तिथे मी हसलो.

टीव्हीवर दाखवलं तेव्हा खाली मराठी अक्षरं फिरत होती. ‘माझ्या काळ्या मातीचा गंध, माझ्या बैलाच्या घुंगरांचा नाद, कशी मी विसरू.’ कोणी लिहिलं कोण जाणे. मातीचा एक शब्द नव्हता त्यात. घुंगरू नव्हतं. कोणी विचारलंही नाही की ही बाई काय म्हणते आहे. बंजाऱ्याची बाई रडते आहे म्हणजे मातीसाठीच रडत असणार. तिला भाऊ असेल, त्याने तिला फसवलं असेल, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. आमचं दुःखही त्यांनी शेतीखात्याचं करून टाकलं.

चष्मेवाला परीक्षक शेवटी म्हणाला, “इमोशन एकदम प्युअर. सुराचं तेवढं बघा.” जमना स्पर्धेतून बाहेर पडली.

गाडीत वाशिमपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी चहा घेतला, तिच्यासाठी घेतला. तिने तो खिडकीतून ओतून दिला. कप मला परत दिला.

मग क्लिप फिरली. टॉवेलची. मानोऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवरून आवाज यायचा, जमनाचा हुंदका, मग अँकर, मग हशा. एक पांढऱ्या शर्टातला, गळ्यात साखळी, तिकीट घेताना म्हणाला, “कंडक्टर, तुमच्याईत रडाची प्रॅक्टिस करते म्हन्ते? कोचिंग क्लास हाय का?” गाडी हसली. “फी किती हाय?” दुसरा ओरडला. मी घंटी मारली. माणूस खाली उतरवायचा अधिकार मला आहे. मी फक्त घंटी मारली.

हे माझं झालं. माझ्यावर आलं ते मला मिळायलाच पाहिजे होतं. पण ते तिथे थांबलं नाही.

त्या लग्नसराईत शेजारच्या तांड्यावर जमना एका नवरीला घेऊन बसली होती. मुलगी आईच्या गळ्यात पडली. पहिला बोल काढला आणि नवऱ्याकडच्या पोरांनी खिशातून पांढरे टॉवेल काढले. आधीच आणून ठेवले होते. गोरच पोरं. आमचीच. आईच्या खांद्यावर टॉवेल टाकून अँकरची नक्कल. “धरण फुटलं, धरण फुटलं!” नवरी गप्प झाली.  तशीच गाडीत बसून गेली.

मग हे सगळीकडेच होऊ लागलं. मुली आधीच सांगू लागल्या, “मावशी, ढावलो नको. व्हिडिओ काढतेत.” जमनाला बोलावणं येणं बंद झालं. तिने मला कधी दोष दिला नाही. मी गेलो की चहा ठेवायची, समोर बसायची आणि दुसऱ्याच कोणाशी बोलायची.

एकटी तिची मुलगी रोशनी हट्टाला पेटली. नर्सिंग झालेली, तिच्या मनासारखं स्थळ, लग्न जमनाच्याच तांड्यात. म्हणाली, “याडी, मले म्हनाचा हाय. पोट्टे हसू दे नाई तं बोंबलू दे.” जमनाने तिला महिनाभर शिकवलं. दार लावून.

आणि तेव्हा चॅनेलचा फोन आला. तीच मॅडम. महाअंतिम सोहळा, जमनाताईंची वापसी, तांड्यात येऊन शूटिंग. “ऐकलं तुमच्या भाचीचं लग्न आहे. रिअल ढावलो! या वेळी आम्ही पूर्ण रिस्पेक्टने करू, दादा.”

मी म्हणालो, बहिणीला विचारतो.

“सही तुमची आहे ना पण,” ती गोड आवाजात म्हणाली. “त्यात फॉलोअपचं, पुढच्या शूटिंगचं, कलम आहे.”

जमना म्हणाली, “सही तू केली, तूच निस्तर.” पण निस्तरायच्या आत नवरदेवाच्या बापाने त्यांना परस्पर होकार दिला होता. त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. सून टीव्हीवर दिसली तर वाईट काय?

सकाळी दोन गाड्या आल्या. सोबत एक बैल. अनसिंगवरून भाड्याने आणलेला, शिंगं रंगवलेली, पाठीवर आरशांची झूल. आमच्याकडे कित्येक वर्षांत बैलावर कोणी चढलेलं नाही. आता नवरी कारमध्ये जाते. म्हातारी माणसं त्या बैलाकडे बघत राहिली. एक जण म्हणाला, “याचाबी टीव्हीत नंबर लागला का?”

रोशनीने साधी लाल साडी नेसली होती. घागरा आणलेला होता, तिने तो परत त्यांच्या गाडीत टाकला. ती जमनाच्या गळ्यात पडली. मग बापाच्या. बोल स्वच्छ, आवाज उघडा. टॉवेलवाली पोरं होती, पण कॅमेऱ्यासमोर त्यांना जरा दबून राहायला सांगितलेलं होतं. मग ती माझ्याकडे आली. मामा.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, मामा, तुझ्या तिकिटाच्या पिशवीत पेरू असायचे. तू आलास की मी आधी पिशवीकडे पळायची, मग तुझ्याकडे. मामा, माझी याडी तुझ्याकडे का बघत नाही ते मला माहीत आहे. तिने नाही सांगितलं. मी टीव्हीवर ऐकलं. मला आपली बोली येते, मामा.

मी मान सोडवली नाही.  तसाच उभा होतो. ती पुढे म्हणणार होती. श्वास घेतला होता तिने.

“कट! कट!”

मॅडम पुढे आली. “सॉरी, सॉरी. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. आणि मामांचा चेहरा अजिबात मिळत नाहीये. रोशनी बेटा, कमाल होतं. आता पुन्हा तसंच. अगदी तसंच, फक्त थोडं डावीकडे. आणि मामा, तुम्ही पण थोडं रडा ना.”

रोशनीचे हात माझ्या मानेभोवतीच होते. तिने तोंड वर केलं. नाक वाहत होतं, काजळ गालावर आलेलं. हळूच मला विचारलं, “मामा, पुन्हा म्हनू का?”

शिकलेली पोरगी. सगळ्या घराला तोंड देऊन ढावलो शिकलेली पोरगी. आणि तीसुद्धा विचारत होती. मोठ्या लोकांनी पुन्हा म्हटलं की पुन्हा करायचं, हे आमच्या अंगात कुठपर्यंत मुरलं आहे, ते मला त्या एका प्रश्नात दिसलं. माझं स्वतःचं तोंड दिसलं मला त्या पोरीच्या तोंडात.

“नाई,” मी म्हणालो.

“काय झालं?” मॅडम.

“नाई म्हनलं. झालं. बंद करा.”

“दादा, फक्त एक टेक. दोन मिनिटं.”

“मॅडम, तुमच्या घरची पोरगी सासरी जाते तं दोनदा पाठवता का? पयल्यांदा आवाज नाई आला म्हनून?”

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग तिचा चेहरा बदलला. “हे बघा, आमचं पूर्ण युनिट इथे आहे. तुम्ही सही केलेली आहे.”

“सही माही हाय. पोरीनं कायची सही केली?”

“लोकांपर्यंत तुमची कला पोचावी म्हणून आम्ही…”

“कला नाई ते. आमचं घरचं हाय. आनि तो बैल घिऊन जा तुमचा. सकाळपासून उपाशी उभा हाय.”

नवरदेवाचा बाप धावत आला. “पाव्हणं, कायचा तमाशा लावला? टीव्हीवाले पाहुणे हायेत आपले.”

“पाहुणे नाईत ते. गिऱ्हाईक हायेत.”

“समाजाचं नाव होऊन राह्यलं बे!”

“कोनतं नाव? रडूबाई? धरण? ते नाव तुमी ठेवा.”

हे सगळं कॅमेरा टिपत होता. लाल दिवा चालू. मला ते दिसलं आणि मी जाऊन भिंगावर हात ठेवला. पूर्ण पंजा. कॅमेरावाल्याने मला ढकललं. मी पंजा काढला नाही. शर्टाची बटणं तुटली. मागून कोणीतरी माझी कॉलर धरली, आमच्यातलाच कोणीतरी. तरी काढला नाही. कॅमेरा बंद होईपर्यंत.

आता तुम्हाला वाटेल, मग रोशनीने उरलेला ढावलो म्हटला असेल, जमनाने मला पोटाशी धरलं असेल. तसं काही झालं नाही. तोडलेला ढावलो पुढे म्हणत नाहीत. रोशनी गप्प गाडीत बसली. ती मला अजून काय म्हणणार होती ते मला कधीच कळणार नाही. गाडी गेल्यावर मी जमनाजवळ जाऊन उभा राहिलो. आशेने, हो, आशेनेच. ती भांडी गोळा करत होती.

“आज पोरीले गळा देल्ला तू,” ती म्हणाली. “माहा राह्यला तो राह्यलाच.”

एवढंच. मी मान हलवली. खरं होतं.

सोहळ्यात त्यांनी माझा पंजा दाखवला. संथ करून. मागे उदास बासरी. निवेदन होतं, ‘शिकलेल्या भावानेच मोडलं बहिणीचं स्वप्न.’ गाडीत आता मला लोक वेगळ्या नजरेने बघतात. काही जण चढताना म्हणतात, हाच तो. रोशनीला सासऱ्याने सहा महिने माहेरी पाठवलं नाही. त्याचं तिकीट हुकलं, ते माझ्यामुळे हुकलं असं तो सांगतो. हुकलं असेल. मला त्याचं काही वाटत नाही.

चॅनेलकडून मागच्या महिन्यात पुन्हा एका माणसाचा फोन. नवा. पोरगाच होता. जुनं विसरून जाऊ, नवीन पर्व येतं आहे, तांड्यातली दुसरी एखादी गायिका असेल तर सुचवा, तुम्हाला त्या भागातलं कळतं. मी म्हणालो, “हो, कळते मले.” आणि ठेवून दिला.

तांड्याच्या नसाबमध्ये, आमच्या पंचायतीत, मी विषय काढला. लग्नात ढावलोच्या वेळी कोणी कॅमेरा लावायचा नाही, मोबाईल काढायचा नाही. आजपर्यंत मी नसाबमध्ये तोंड उघडलेलं नव्हतं. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हणाला, “तूच तं नेलं होतं तिले.”

“म्याच नेलं. म्हनूनच मले माहीत हाय, कुठी नेलं ते.”

“पोट्ट्याईचे मोबाईल कोन बंद करनार? तू?”

ठराव झाला नाही. लोक उठले, चहा घेतला, गेले.

ठीक आहे. ठरावावाचून करतो. आसपासच्या तांड्यांवर जिथे लग्न असेल तिथे साप्ताहिक सुटी बदलून जातो. बोलावलं असेल तर जातो, नसेल तरी जातो. जेवत नाही. मुलगी पहिल्या गळ्यात पडली की समोर जाऊन उभा राहतो, आणि जो मोबाईल वर येतो त्यासमोर हात धरतो. पोरं शिव्या घालतात. एका ठिकाणी मला मांडवाबाहेर ओढत नेऊन मारलं, ओठ फुटला. मी परत आत गेलो. नवरीचा ढावलो चालू होता आणि टॉवेलवाली पोरं माझ्यामागे बाहेर आली होती.

हे पाप फेडणं नाही. माझं फिटणारं नाही, जमनाने स्पष्ट सांगितलं आहे. हे माझं काम आहे आता. चॅनेलवाल्यांनी वाचावं म्हणून लिहितो, आमच्या पोरांनी वाचावं म्हणूनही लिहितो. पुढच्या लग्नसराईतही मी समोर असेन. कॅमेरा आणायचा तर आधी मला आडवा करा. मी माझ्या पायाने बाजूला होणार नाही.